नऊ नग ‘झॅफ्रेंटिस’: एका खोक्याच्या फेरतपासणीच्या नोंदी

काम यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत झालं. मोठं यंत्र एकही नाही. जुन्या संग्रहातल्या एकांड्या जीवाश्म प्रवाळांचे आडवे काप घ्यायचे, त्यांचे पील (ॲसिड लावलेल्या कापाचा ॲसिटोनने मऊ केलेल्या पारदर्शक शीटवर उमटवलेला ठसा) काढायचे आणि वंश ठरवायचा, एवढाच उद्देश. ज्यांच्याकडे असंच खोकं पडून आहे, त्यांच्यासाठी या नोंदी.

18 मार्च

खोक्यात नऊ नग, चिठ्ठी एकच: ‘झॅफ्रेंटिस’. ठिकाण नाही, तारीख नाही. सगळे गोऱ्ह्याच्या कोवळ्या शिंगासारखे किंवा भोवऱ्यासारखे, 30 ते 45 मिलिमीटर उंच. दोन नग काळपट राखाडी आणि वजनाला जड. एक तपकिरी, गुळगुळीत. उरलेल्या सहांना पिवळट, चुनखडीमिश्रित माती चिकटलेली.

शिंगाच्या आकाराचं दिसलं की ‘झॅफ्रेंटिस’ लिहायचं, ही सवय जुनी आहे. राफिनेस्क आणि क्लिफर्ड यांनी 1820 मध्ये हा वंश केला तो अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या डेव्होनियन काळातल्या प्रवाळांवरून. पुढे त्यानंतरच्या कार्बोनिफेरस काळातलीही कितीतरी शिंगं त्याच नावाखाली गेली. त्यांतल्या बऱ्याच जाती आता झॅफ्रेंटाइट्स, अँप्लेक्सिझॅफ्रेंटिस अशा नावांखाली वेगळ्या काढल्या आहेत. पिवळ्या मातीचे सहा नग कच्छच्या जुरासिकसारखे दिसतात. तसं असेल तर चिठ्ठी वंशापुरती नाही, गणापासूनच चुकली आहे. झॅफ्रेंटिस ज्यात मोडतो तो रुगोसा गण पर्मियन काळाच्या शेवटी, सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वी संपला. त्यानंतरच्या जुरासिकात तो सापडायचा प्रश्नच नाही.

बाहेरून पाहून काहीच ठरवायचं नाही, हे आजच लिहून ठेवलं. नगांवर पांढऱ्या रंगाने 1 ते 9 आकडे टाकले आणि चारही बाजूंनी फोटो काढले. कापल्यावर बाहेरचा आकार परत मिळत नाही, म्हणून हे आधी.

21 मार्च

सरावासाठी वणी–कोरपना पट्ट्यातल्या पैनगंगा चुनखडीचे तुकडे आणले. ही चुनखडी प्रोटेरोझोइक, म्हणजे प्रवाळ जन्मायच्या फार आधीची. त्यात शोधण्यासारखं काही नाही. पण आहे कॅल्साइटचीच (या प्रवाळांतलंही खनिज तेच), फुकट मिळते आणि बिघडली तर हळहळ नाही.

गावात लगेच प्रश्न आला, ‘म्हणजे आपल्याकडे समुद्र होता का?’ या खोक्यावरून तसं म्हणता येत नाही. इथल्या काळ्या दगडांच्या थरांमधे जे शंख सापडतात, ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे. प्रवाळ बाहेरून आलेले आहेत.

24 मार्च: नग 3 वाया

नग 3 फरशीवाल्याकडे नेला. चार इंची डायमंड ब्लेड, जाडी 2 मिलिमीटर. वरच्या भागाचे दोन काप बरे आले. तिसऱ्याला टोक कटरच्या धक्क्याने निखळलं आणि चार तुकडे होऊन पाण्याबरोबर नालीत गेलं.

नुकसान नेमकं कुठे झालं ते सांगतो. एकांड्या प्रवाळाचं टोक म्हणजे त्याचं बालपण. पडदे, म्हणजे सेप्टा, कोणत्या क्रमाने आले ते टोकाच्या पहिल्या पाच-सहा मिलिमीटरमधे वाचता येतं. वरचा रुंद भाग बघायला छान दिसतो, पण तिथे पडद्यांची गर्दी झालेली असते. आणि 2 मिलिमीटरच्या ब्लेडने टोक कापायचं म्हणजे दर कापाला तेवढं बालपण भुग्यात.

ठरलं असं: टोकाला ब्लेड लावायचंच नाही. टोकाकडून वर हाताने घासत यायचं आणि दर अर्ध्या मिलिमीटरला पील काढायचा. फरशीवाल्याकडे फक्त वरचा भाग.

29 मार्च ते 4 एप्रिल

घासताना नग हातात धरता येत नाही, ठोकळ्यात बसवावा लागतो. तीन प्रकार करून पाहिले.

प्लास्टर ऑफ पॅरिस: स्वस्त, पण ॲसिटोन शोषून घेतं आणि पीलखाली बुडबुडे सोडतं. घासताना कडा सुटतात, त्याचे कण पृष्ठभागावर ओरखडे पाडतात.

फायबरवाल्याकडचं पॉलिएस्टर रेझिन: दिसायला काचेसारखं. पण ॲसिटोन लागताच चिकट झालं आणि पील ठोकळ्यालाच बसला. 250 रुपये पाण्यात.

हळू सुकणारं इपॉक्सी, दोन ट्यूबवालं: हेच ठेवलं. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका, ते मऊ राहतं. सम प्रमाणात घेऊन सावकाश ढवळायचं, नग आधी उन्हात तापवून घ्यायचा म्हणजे इपॉक्सी पातळ होऊन फटींत उतरतं. 24 तास हात लावायचा नाही. साचा म्हणून पाण्याच्या बाटलीचा बूड, आतून व्हॅसलीन.

ठोकळ्याच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत करवतीने खाच पाडली. ही खाच प्रत्येक पीलवर उमटली पाहिजे. ती नसेल तर बारा पील टेबलावर ठेवल्यावर कुठला कसा फिरवायचा ते कळत नाही. शिवाय पील ही आरशातली प्रतिमा असते, डावं उजवीकडे जातं. नग 1 च्या पहिल्या चार आकृत्यांत हे विसरलो, त्या पुन्हा काढाव्या लागल्या.

6 एप्रिल

घासणं जाड काचेवर, सिलिकॉन कार्बाइडच्या पावडरीने: 220, 400, 600, 1000. प्रत्येक नंबरची काच वेगळी, पाण्याची बादली वेगळी, फडकंसुद्धा वेगळं. 220 चा एक कण 1000 च्या काचेवर आला की तास गेला.

अर्धा मिलिमीटर उतरायला 220 वर साधारण वीस मिनिटं. हात एकाच बाजूला दाबतो, त्यामुळे ठोकळा पाचरीसारखा घासला जातो. दर पाच मिनिटांनी व्हर्नियरने चार कोपऱ्यांची उंची मोजायची आणि ठोकळा पाव वळसा फिरवायचा.

9 एप्रिल

ॲसिड. हार्डवेअरच्या दुकानातलं पिवळं संडास-ॲसिड वापरलं तर पृष्ठभागावर लोखंडाचा तांबूस थर बसला. प्रयोगशाळेतलं 35 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक घेतलं: एक भाग ॲसिड, सहा भाग पाणी, म्हणजे साधारण 5 टक्के. पाण्यात ॲसिड ओतायचं, उलट नाही. ठोकळा पालथा धरून 15 सेकंद बुडवायचा. 40 सेकंद ठेवलेल्या नमुन्यात पडद्यांच्या कडा झिजून सगळं खडबडीत झालं.

धुवायला बोअरचं पाणी घेतलं तर सुकल्यावर पांढरी साय येते. इथलं पाणी जड आहे. गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणलं आणि त्रास संपला. ॲसिड लावलेल्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा पीलवर प्रवाळापेक्षा स्पष्ट येतो.

12 एप्रिल

स्टेशनरीतून ‘ॲसिटेट शीट’ म्हणून ओएचपीच्या, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या, पारदर्शक शीट आणल्या. ॲसिटोन ओतलं, शीट टेकवली, वीस मिनिटांनी काढली: कोरी करकरीत. पुन्हा केलं, पुन्हा कोरी. शीट पॉलिएस्टरची आहे, ॲसिटोनमधे विरघळतच नाही. दुकानात तिला ॲसिटेट म्हणतात एवढंच.

तपासायची सोपी रीत: कोपऱ्यावर ॲसिटोनचा एक थेंब टाका. चिकट झाला तर सेल्युलोज ॲसिटेट, काहीच झालं नाही तर परत करा. आमच्या शीट फोडलेल्या होत्या, दुकानदाराने घेतल्या नाहीत. खरी शीट कुरिअरने मागवली, यायला नऊ दिवस लागले.

14 ते 20 एप्रिल

तोवर बिनरंगी नेलपॉलिश. ॲसिड लावून सुकवलेल्या पृष्ठभागावर दोन जाड थर, तासाभराने चिकटपट्टीने उचलायचं. सेंटीमीटरभराच्या टोकाच्या भागाला हे पुरतं.

पण सलग तीन पील दुधासारखे पांढरे आले. कारण कूलर. थर सुकताना पृष्ठभाग गार पडतो, कूलरची दमट हवा त्यावर बसते आणि थर पांढरा होतो. कूलर बंद केला, पील स्वच्छ आले, माणसं मात्र घामाघूम.

22 एप्रिल ते 1 मे

शीट आली. आता उलटी अडचण: दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला ॲसिटोन शीट टेकवायच्या आतच उडून जातं. पीलमधे कोरडी बेटं राहतात. मग काम पहाटे साडेपाच ते साडेसात. लाइन गेली तरी अडत नाही, हा त्याचा फायदा. ॲसिटोन जवळ असताना गॅस, उदबत्ती, काहीच पेटतं नको.

जमलेली रीत: ठोकळा वाळूच्या ताटात पृष्ठभाग सपाट राहील असा बसवायचा. पृष्ठभाग ॲसिटोनने भरून टाकायचा. शीटची एक कड आधी टेकवून बाकीची हळूहळू सोडत न्यायची, पापड तेलात सोडतात तशी. वरून दाबायचं नाही. दोन तासांनी काढायची. वीस मिनिटांत ओढलेली शीट गुंडाळी होते. लगेच दोन काचपट्ट्यांत दाबून, कडांना चिकटपट्टी लावून, नग आणि उंची लिहायची.

3 मे: नग 1

काळपट नगांपैकी पहिला. टोकापासून 6 मिलिमीटरपर्यंत बारा पील, पुढे दर 2 मिलिमीटरला एक.

हा अस्सल रुगोसा. 3 मिलिमीटर व्यासाच्या पीलमधे सहा मूळ पडदे ओळखता येतात: एक कार्डिनल, त्याच्या समोर काउंटर, काउंटरच्या दोन्ही बगलांना एकेक, आणि बाजूंना दोन अलार. यानंतर नवे पडदे सहाही फटींत येत नाहीत, फक्त चार जागी येतात: कार्डिनलच्या दोन्ही बाजूंना, आणि दोन्ही अलारच्या काउंटरकडच्या अंगाला. काउंटर आणि त्याच्या बगलेतल्या पडद्यांच्या मधली फट मोठ्या पडद्यांविना रिकामीच राहते. पील ओळीने लावले की हे पावलं मोजावीत तसं मोजता येतं. 9 मिलिमीटर व्यासाला काउंटरकडच्या दोन पावांमधे पाच-पाच आणि कार्डिनलकडच्या दोन पावांमधे चार-चार नवे. मूळ सहा धरून 24 मोठे पडदे. कार्डिनल पडदा आखूड पडून त्याच्या जागी मोकळी खाच, फॉस्युला, तयार झालेली.

उभ्या कापात आडव्या तक्तपोशी, म्हणजे टॅब्युला, दिसतात. पडद्यांचे बारीक तंतू शाबूत आहेत, कारण रुगोसाचा सांगाडा मुळातच कॅल्साइटचा.

नग 2 तसाच. दोन्ही झॅफ्रेंटिड धाटणीचे. थर आणि ठिकाण माहीत नसताना नेमका वंश लिहिणं म्हणजे पुन्हा तीच चूक. म्हणून कुळापर्यंतच थांबलो. 1910 मध्ये कारुथर्सने स्कॉटलंडच्या कार्बोनिफेरस ‘झॅफ्रेंटिस डेलानोई’ची उत्क्रांती दाखवली, तीसुद्धा थरांवर बोट ठेवून.

9 मे: नग 4 ने फसवलं

पिवळ्या मातीवाला पहिला. वरचा भाग फरशीवाल्याकडे कापला, पील काढला, आणि तो चक्क रुगोसासारखा. लांबट वर्तुळ, एका बाजूला पडदे आखूड, तिथे मातीने भरलेली खाच. म्हणजे फॉस्युला, म्हणजे चिठ्ठी बरोबर? आकृतीही काढून झाली होती.

मग मापं घेतली: 32 × 28 मिलिमीटर. मुळात गोल नग तिरपा कापला तर अशी मापं पडायला काप सुमारे 29 अंशांनी कललेला हवा. ठोकळा पाहिला. नग वाकडा आहे, इपॉक्सीत बसवताना टोक सरळ धरलं होतं. त्यामुळे वरचा भाग तिरपा राहिला. एका बाजूने काप पडद्यांतून गेला, दुसऱ्या बाजूने वरच्या वाटीच्या, कॅलिसच्या, खोलगट भागातून. ‘फॉस्युला’ म्हणजे वाटीत साठलेली माती.

वाकड्या नगाला एकच ठोकळा पुरत नाही. टोकासाठी एक बैठक, वरच्या भागासाठी दुसरी.

10 मे

बैठक बदलून पुन्हा काप. आता 28 × 27.5. चित्रच पालटलं. आरे असलेलं चाक, पण आरे सारख्या लांबीचे नाहीत: बारा लांब, मधे बारा त्याहून आखूड, मधे चोवीस आणखी आखूड, आणि काठाला बारीक 44. एकूण 92. पहिल्या दोन फेऱ्यांचे सहा-सहा जवळपास सारखेच लांब, म्हणून बारा एकत्र दिसतात. पूर्ण हिशेब 6, 6, 12, 24, 48, मिळून 96. काठावर चार झिजले. सहाच्या पटीत, सगळीकडून सारखी वाढ. हा स्क्लेरॅक्टिनिया, म्हणजे आजच्या प्रवाळांचाच गण.

मधोमध दांडा, कॉलुमेला, नाही. टॅब्युला नाहीत. पडद्यांच्या मधे सगळीकडे फेसासारखे बुडबुडे, डिसेपिमेंट. बाहेरची भिंत स्वतंत्र नाही, फक्त पातळ सुरकुतलेली साल, एपिथेका, तीही अर्धी उडालेली. ती उडाली की पडद्यांच्या कडा बाहेरून उभ्या रेघांसारख्या दिसतात. त्या रेघा पाहूनच कोणीतरी ‘शिंग-प्रवाळ’ म्हटलं असणार.

मॉन्टलिवॅल्टिया. लामुरूने 1821 मध्ये केलेला वंश, नमुना-जाती (जिच्यावरून वंश ठरतो ती) कॅरिओफिलाटा, फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या कां शहराजवळच्या बॅथोनियन, म्हणजे मध्य जुरासिक, थरांतली. कच्छच्या जुरासिकातून ग्रेगरीने 1900 मध्ये याच्या अनेक जाती लिहिल्या. 1993 मध्ये पांडे आणि फ्युर्सिश यांनी तिथल्या प्रवाळांची फेरतपासणी केली.

तंतूंची रचना मात्र या नगात काही उरली नाही. मुळातला सांगाडा अरागोनाइट या दुसऱ्या खनिजाचा, त्याचं भरड कॅल्साइट झालं. पील कितीही चांगला काढला तरी जे दगडातच नाही ते येणार नाही. पाच पील वाया घालवल्यावर सोडून दिलं.

17 मे: नग 5, व्हिनेगरची चूक

मॉन्टलिवॅल्टियाची खूण पक्की करायला पडद्यांच्या वरच्या कडेचे दात पाहायचे असतात: जाड, गोलसर, एकामागे एक. ते कॅलिसमधे, मातीखाली. माती काढायला नग 5 व्हिनेगरमधे रात्रभर ठेवला. सकाळी माती होती तिथेच. दात गेले होते. प्रवाळही कॅल्साइटच, आणि तो मातीपेक्षा आधी विरघळला. आडवा काप शाबूत होता म्हणून वंशाची ओळख राहिली, पण कॅलिस संपला.

22 ते 25 मे

नग 6 आणि 7 ॲसिडशिवाय. मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर तीन दिवस खडखडीत वाळवले. गरम असतानाच पेंटच्या दुकानातल्या टर्पेंटाइनमधे चार तास. मग ते ओतून देऊन वर गरम पाणी. कोरड्या चिकणमातीत टर्पेंटाइन शिरलेलं असतं, पाणी आत घुसताच माती फुलून सुटते. पूर्ण वाळलेली नसेल तर काहीच होत नाही; नग 7 ला दोनदा करावं लागलं. उरलेलं शिलाईच्या सुईने आणि जुन्या टूथब्रशने.

नग 6 वर एका लांब पडद्यावर नऊ दात मोजता आले, गोलसर, साधारण मिलिमीटरभर अंतराने. तिरप्या उजेडात मोबाइलने फोटो काढले. समोरून प्रकाश टाकला तर दात दिसतच नाहीत.

29 मे

नग 9 बद्दल शंका. मॉन्टलिवॅल्टिया एकांडा, पण त्याच्या जवळचा थेकोस्मिलिया फांद्यांचा. फांदी तुटून पडली तर तिचा आडवा काप मॉन्टलिवॅल्टियापासून वेगळा काढणं कठीण. पाहायच्या गोष्टी दोन: बूड निमुळतं होत चिकटण्याच्या जागेवर संपतं की तुटलेलं आहे, आणि वरच्या कापांत एकाऐवजी दोन केंद्रं होऊ लागली का. नग 9 चं बूड पूर्ण आहे, वरपर्यंत केंद्र एकच. एकांडाच.

4 जून: नग 8

तपकिरी नगावर ॲसिड 15 सेकंद, मग मिनिटभर, मग पाच मिनिटं. फेस नाही. ॲलिझरिन रेड एस हे कॅल्साइट ओळखायचं रंगद्रव्य लावलं, 1.5 टक्के ॲसिडच्या 100 मिलिलिटरला 0.2 ग्रॅम, कॅल्साइट लाल व्हायला हवं, नग तसाच. सुरी घासली तर ओरखडा नाही, सुरीचंच पोलाद दगडावर उमटलं. पूर्ण सिलिका झालेला. पील निघणार नाही. पातळ काचकाप हवा, तो इथे होत नाही. बाजूला ठेवला.

11 जून

नव्या चिठ्ठ्या लावल्या. 1 आणि 2: रुगोसा, झॅफ्रेंटिड, ठिकाण अज्ञात. 4, 5, 6, 7, 9: मॉन्टलिवॅल्टिया, जात ठरवलेली नाही, बहुधा कच्छ. 8: सिलिकाभूत, अनिर्णित. 3: टोक नष्ट, दोन काप आहेत, त्यांतही पडदे सहाच्या पटीत वाटतात, पण दात आणि टोक दोन्ही नसल्याने नाव दिलं नाही. जुनी चिठ्ठी फेकली नाही, खोक्याच्या झाकणाला आतून डकवली.

खर्च 3,520 रुपये: शीट 740, ॲसिटोन दीड लिटर 660, इपॉक्सी 620, पावडरी 480, फरशीवाला 180, बाकी किरकोळ. त्यात पॉलिएस्टर रेझिन आणि ओएचपी शीटचे मिळून 400 सरळ वाया. पील एकूण 71, वापरण्याजोगे 46.

पावसाळा लागला की दमट हवेत नेलपॉलिशचे पील पुन्हा पांढरे येणार. नग 7 च्या टोकाचे अजून सहा काढायचे आहेत, ते शीटवरच.